तात्पुरत्या कायद्याची चाळिशी

प्रति,
केंद्रीय पर्यावरण व जलमंत्री,
ऑस्ट्रेलिया

महोदय,


तुमच्या खात्याकडे १९८४ सालचा एक कायदा आहे. मूळनिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतले द्वीपवासी यांची पवित्र ठिकाणं आणि वस्तू वाचवण्यासाठी हॉक सरकारने तो केला. तेव्हा त्याच्या नावातच ‘अंतरिम’ असं लिहिलेलं होतं आणि मुदत होती दोन वर्षांची. तेवढ्या काळात सगळ्यांशी बोलून नीट, कायमचा कायदा करायचा असं ठरलं होतं. १९८६ मध्ये नावातला ‘अंतरिम’ खोडला, मुदतीचं कलम काढून टाकलं आणि कायदा होता तसाच पुढे चालू ठेवला. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. मी जिथून आले तिथे दोन पावसाळ्यांपुरत्या ठोकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये शाळेच्या तीन पिढ्या शिकून बाहेर पडतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण इथे प्रश्न पत्र्याचा नाही. या कायद्याच्या भरवशावर जी ठिकाणं सोडली आहेत ती एकदा गेली की पुन्हा बांधता येत नाहीत.

मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहते. शेतजमिनीवर नव्या वसाहती उठतात, त्यांचे रस्ते आणि पाण्याचे निचरे आखण्याचं काम करते. इथली नागरिक आहे आणि दर निवडणुकीला इमानेइतबारे मत देते (न दिलं तर दंड होतो, हे आहेच). पत्र मराठीत लिहिते आहे, कारण या विषयावरच्या इंग्रजी अहवालांची तुमच्याकडे कमतरता नाही आणि माझ्या मराठी शेजाऱ्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे. ते ज्या जमिनीवर घरं घेतात तिथे हा विषय रोज कुणाच्या ना कुणाच्या कुदळीखाली येत असतो.

जूकानपासूनच सुरुवात करायला हवी, कारण त्या नावानंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ असं म्हणण्याची सोय कुणालाच उरली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातला पिलबारा हा लोखंडाच्या खनिजाचा मुलूख. तिथल्या जूकान घळीत खडकाखालचे निवारे होते आणि त्यांत माणसाचा वावर ४६,००० वर्षांपूर्वीपासूनचा होता. पुउतु कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांची ही जागा. २०१३ मध्ये राज्याच्या १९७२ सालच्या वारसा कायद्याच्या कलम १८ खाली रिओ टिंटो कंपनीला ती उद्ध्वस्त करण्याची परवानगी मिळाली. हे कलम वाचलं की मला नेहमी प्रश्न पडतो, कायद्याच्या नावात ‘वारसा’ आहे तो कुणासाठी? ठिकाण मोडणं हा गुन्हा आहे असं एका कलमात सांगायचं, आणि मंत्र्याची सही आणली तर तो गुन्हा नाही असं दुसऱ्यात. शिवाय सही नाकारली गेली तर जमिनीच्या धारकाला, म्हणजे खाणवाल्याला, दाद मागता येत होती. सही दिली गेली तर ज्यांचं ठिकाण त्यांना मात्र दाद मागायला जागाच नव्हती.

परवानगी हातात पडल्यावर, २०१४ मध्ये, जाणारच आहे तर निदान आतलं काढून घ्यावं म्हणून तिथे उत्खनन झालं. सात हजारांहून जास्त वस्तू मिळाल्या. कांगारूच्या हाडाला घासून टोक काढलेलं एक हत्यार होतं, सुमारे २८,००० वर्षांपूर्वीचं. आणि माणसाच्या केसांचा गुंफलेला एक तुकडा होता, बहुधा कमरपट्ट्याचा, ४,००० वर्षांपूर्वीचा. एकाच डोक्याचे केस नव्हते ते, अनेकांचे घेऊन वळले होते. त्यांची जनुकीय तपासणी केली तेव्हा त्या भागातल्या आजच्या लोकांशी नातं जुळलं. म्हणजे संग्रहालयाच्या भाषेत जी ‘प्राचीन वस्तू’, ती एखाद्या घरच्या पणजीच्याही पणजीची वेणी. असा पुरावा हाती आल्यावर तरी परवानगीचा फेरविचार व्हावा की नाही? पण कायद्यात तशी सोयच नव्हती. सही आधी झाली, माहिती नंतर आली, आणि कायद्यात सही माहितीपेक्षा मोठी ठरली.

२४ मे २०२० ला सुरुंग उडवले. त्या निवाऱ्यांखालच्या आणि आसपासच्या सुमारे ८० लाख टन चांगल्या प्रतीच्या खनिजासाठी, ज्याची किंमत तेव्हा साडेतेरा कोटी डॉलरच्या घरात होती. खाणीची हद्द कशी आखायची याचे चार पर्याय कंपनीपुढे होते आणि त्यांतले तीन निवाऱ्यांना धक्का न लावणारे होते, हे पुढे संसदीय चौकशीत कंपनीनेच सांगितलं. तिथल्या लोकांपुढे मात्र ते पर्याय कधी ठेवलेच नव्हते. शेवटच्या दिवसांत त्यांच्या वकिलांनी कॅनबेराला केंद्रीय मंत्र्यांच्या कार्यालयांशी संपर्क साधला. तोवर खडकात भोकं पाडून त्यांत दारू भरून झाली होती.

कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आणि आणखी दोन वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं. सगळीकडे छी-थू झाली. ती व्हायलाच हवी होती. पण त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे तो स्फोट पूर्णपणे कायदेशीर होता. चौकशी समितीत सत्ताधारी आणि विरोधक दोघेही होते, अध्यक्ष वॉरन एन्श तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे. त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये अंतरिम आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात राज्यांच्या कायद्यांबरोबर तुमच्या १९८४ च्या कायद्यावरही ठपका आहे, आणि मूळनिवाशांच्या बरोबरीने बसून नवा केंद्रीय कायदा लिहा अशी स्पष्ट शिफारस आहे. तुमच्याच पक्षाच्या सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये आठांपैकी सात शिफारशी मान्य केल्या. ‘फर्स्ट नेशन्स हेरिटेज प्रोटेक्शन अलायन्स’शी भागीदारीचा करार त्याच्याही वर्षभर आधी झाला होता. माणसं ठरली होती, विषय ठरला होता, कागद तयार होते.

मग काय अडलं, याचं उत्तर मला पर्थमध्ये दिसतं. जूकाननंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये नवा कायदा केला आणि तो १ जुलै २०२३ ला अमलात आणला. ११०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असलेल्यांना कामाच्या स्वरूपाप्रमाणे परवाने घ्यावे लागणार होते. नियम किचकट होते, तयारी अपुरी होती, कार्यालयात फोन लावून काही समजेल अशी परिस्थिती नव्हती. शेतकरी बिथरले. कुंपणाचे खांब रोवायला आता परवाना काढायचा का, असा ओरडा झाला. ८ ऑगस्टला, म्हणजे सहा आठवडेही पुरते झाले नव्हते तोच, प्रीमियर रॉजर कुक यांनी तो कायदा मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्रासाबद्दल शेतकऱ्यांची माफी मागितली. नोव्हेंबरात १९७२ चा जुना कायदा थोड्या डागडुजीसह परत आला. ती डागडुजी अगदीच टाकाऊ नाही. आता मूळ हक्कदारांनाही न्यायाधिकरणाकडे जाता येतं, आणि नवी माहिती मिळाली तर ती मंत्र्याला कळवणं बंधनकारक आहे. पण ‘मोडायचं की नाही’ ही सही अजूनही मंत्र्याचीच.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मूळनिवाशांच्या सल्लागार मंडळाबद्दलचं सार्वमत झालं आणि साठ टक्क्यांच्या आसपास लोकांनी नकार दिला. तेव्हापासून कॅनबेरात या विषयाचं नाव काढलं की सगळ्यांची जीभ टाळ्याला चिकटते. भीती मला समजते. निवडून यायचं तर ती असायचीच. पण पर्थच्या फसलेल्या कायद्यावरून मूळनिवाशांना अधिकार देता येत नाहीत असा धडा घेतला जातो, तो चुकीचा आहे. तिथे घोळ होता तो अर्जांचा, मुदतींचा आणि कारकुनीचा. त्याची शिक्षा निवाऱ्यांना का?

उलट उदाहरण माझ्या रोजच्या कामात आहे. माझ्या राज्यात, व्हिक्टोरियात, २००६ सालचा वेगळा कायदा आहे. नाव असलेल्या नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आत जमीन असेल आणि तिथे मोठं काम, म्हणजे तीन किंवा जास्त घरं, प्लॉट पाडणं वगैरे करायचं असेल तर आधी ‘सीएचएमपी’, म्हणजे सांस्कृतिक वारसा व्यवस्थापन आराखडा, लागतो. आमच्या धंद्यात पूर्ण नाव कुणी घेत नाही. हा आराखडा ज्या मूळनिवासी संस्थेची त्या भूभागावर नोंद आहे, तिच्याकडे मंजुरीला जातो. मंत्र्याकडे नाही. संस्था नाकारूही शकते. बिल्डरला मान्य नसेल तर न्यायाधिकरणात जायचं. या कायद्याने गेल्या काही वर्षांत कथा, गाणी, औषधी ज्ञान असल्या हाताला न लागणाऱ्या गोष्टींचीही नोंद घ्यायची सोय केली आहे.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते, कारण अर्ध्या तक्रारी न पाहताच केलेल्या असतात. वेरिबी नदीच्या बाजूचं माळरान, वारा असा की हेल्मेट धरून उभं राहावं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन दोरीने आखतात आणि दहा-दहा सेंटिमीटरचा थर खरवडत खाली जातात. प्रत्येक थराची माती चाळणीवर ओतून हलवतात. इथली काळी चिकणमाती ओली असली तर चाळणीतून जात नाही, बोटांनी दाबून घालवावी लागते. तिथल्या नोंदणीकृत वाडावुरंग संस्थेकडून आलेला माणूस चाळणीवर वाकलेला असतो. बाकी सगळं खडबडीत, करडं बेसाल्ट, आणि मधेच नखाएवढा गुळगुळीत, पिवळसर तांबूस कपचा. सिलक्रीट. तो तिरपा धरून दाखवतो, जिथे आघात झाला तिथे एक बारीक फुगवटा उमटलेला असतो, आणि एका कडेला इवल्या इवल्या खाचा, धार पुन्हा लावल्याच्या. कंत्राटदाराला ती खडी वाटते. ज्याने पाहिलंय त्याला कळतं की इथे कुणीतरी बसून हे हातात धरलं होतं, काम झाल्यावर टाकून दिलं होतं, आणि वाकून पाणी प्यायला ओढा दहा पावलांवर होता.

मग काय होतं? बहुतेक वेळा वसाहत अडत नाही. रस्ता वीस मीटर सरकतो, ओढ्याकाठची पट्टी मोकळी सोडतात, कपचे नोंद करून पुन्हा त्याच भूमीत पुरतात. विकत घेणाऱ्यांना ती पट्टी बाग म्हणून मिळते आणि माहितीपत्रकात तिचा फोटो छापून प्लॉटचा भाव वाढवतात. माझ्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये मात्र ‘सीएचएमपी’ म्हणजे खोळंबा, टायटल यायला लागलेला उशीर, बँकेच्या व्याजाचं मीटर. (एकटं घर बांधणाऱ्याला हा आराखडा लागतच नाही, हे दर वेळी समजावून सांगावं लागतं.) हीच मंडळी गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात मंचावर उभं राहून या भूमीच्या पारंपरिक राखणदारांना आदराने नमन करतात, आणि मनापासून करतात. नमन आणि व्याज या दोन्हींचा संबंध एकाच जमिनीशी आहे, एवढं ध्यानात आलं तरी पुष्कळ. आम्हा स्थलांतरितांना कुणी हे नीट सांगितलं नाही हेही खरं. तुमच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत ध्वजांचे रंग विचारतात, ओढ्याकाठी खणायचं असेल तर कुणाला विचारायचं हे विचारत नाहीत.

व्हिक्टोरियाचा कायदा आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही. पण तिथे मूळ प्रश्न बरोबर ठिकाणी विचारला जातो आणि बरोबर वेळी, नकाशा पेन्सिलीत असताना. तुमचा १९८४ चा कायदा याच्या नेमका उलट आहे. तो सुरू होतो तेव्हा बुलडोझर दाराशी आलेला असतो. कुणीही मूळनिवासी व्यक्ती तोंडी किंवा लेखी अर्ज करू शकते, ही त्यातली खरोखर चांगली गोष्ट. पण पुढे सगळं ‘मंत्र्यांना वाटलं तर’. तातडीची मनाई ३० दिवसांची, वाढवून ६०. दीर्घ मुदतीची हवी असेल तर अहवाल, जाहिरात, सगळ्यांची म्हणणी, आणि शेवटी पुन्हा मंत्री. इतक्या वर्षांत दीर्घ मुदतीच्या मनाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या आणि त्यातल्याही काही टिकल्या नाहीत.

न टिकलेल्यांतली एक तुमच्या खात्यातल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी वाचायला द्यावी. मरे नदीच्या मुखाशी कुमारांक नावाचं बेट आहे, नकाशावर हिंडमार्श. तिथे मरिना वाढवायची म्हणून पूल बांधायचा ठरला. तिथल्या मूळनिवासी नरिंजेरी स्त्रियांनी सांगितलं की त्या पाण्याचा आणि बेटाचा संबंध बायकांच्या अशा ज्ञानाशी आहे, जे पुरुषांना सांगायचं नसतं. डोरीन कार्टिन्येरी त्यांच्यात पुढे होत्या. ते ज्ञान लिहून पाकिटात बंद केलं, वर सूचना लिहिली की फक्त स्त्रियांनी वाचावं, आणि ती पाकिटं मंत्र्यांच्या अहवालाला जोडली. जुलै १९९४ मध्ये मंत्री रॉबर्ट टिकनर यांनी पुलाला २५ वर्षांची मनाई केली. त्यांनी पाकिटं उघडली नाहीत, त्यांच्या हाताखालच्या एका स्त्री अधिकाऱ्याने वाचली. सभ्य माणसाने जे करावं तेच. पण १९९५ मध्ये फेडरल न्यायालयाने मनाई रद्द केली, कारण कायद्यानुसार मंत्र्याने स्वतः सगळं विचारात घ्यायला हवं होतं. म्हणजे गुपित पाळलं तर संरक्षण नाही, आणि संरक्षण हवं तर गुपित फोडा.

पुढचं तर आणखी लाजिरवाणं. पाकिटांतले कागद चुकून विरोधी पक्षाचे खासदार इयन मॅक्लॅकलन यांच्या कार्यालयात पोहोचले आणि ते कसे हाताळले या वादात त्यांना विरोधी बाकांवरचं पद सोडावं लागलं. दक्षिण ऑस्ट्रेलियाने रॉयल कमिशन नेमलं. ज्यांचं ते ज्ञान होतं त्या स्त्रियांनी तिथे साक्ष द्यायला नकार दिला आणि कमिशनने डिसेंबर १९९५ मध्ये हे सगळं रचलेलं आहे असा निष्कर्ष काढला. १९९७ मध्ये संसदेने खास या एका पुलासाठी कायदा करून संरक्षणाची वाटच बंद केली. मार्च २००१ मध्ये पूल खुला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेडरल न्यायालयाचे न्यायमूर्ती फॉन दूसा यांनी दुसऱ्या दाव्यात सांगितलं की हे ज्ञान बनावट होतं असं मला पटलेलं नाही. तोवर गाड्या पुलावरून जाऊ लागल्या होत्या.

माजी न्यायाधीश एलिझाबेथ एव्हट यांनी १९९६ मध्ये तुमच्या कायद्याची तपासणी करून दिली. त्यात गुप्त माहिती कशी राखायची हेही होतं. हा अहवाल आजही ताजा वाटतो, आणि अहवालाच्या दृष्टीने ही काही आनंदाची गोष्ट नव्हे.

आता तुमच्या बाजूने नेहमी येणारा एक मुद्दा मी उडवून लावणार नाही. विचारायचं कुणाला? मेलबर्नहून अ‍ॅडलेडकडे जाणाऱ्या वेस्टर्न हायवेच्या रुंदीकरणात जाब वुरंग लोकांपैकी अनेकांनी झाडांसाठी दोन वर्षांहून जास्त काळ तळ ठोकला होता. त्यांत कित्येक शतकांपूर्वीची, बाळंतपणाशी जोडलेली झाडं होती. नोंदणीकृत ईस्टर्न मार संस्थेने सरकारशी बोलून काही झाडं वाचवण्याचा करार केला. २६ ऑक्टोबर २०२० ला त्या कराराबाहेरचं एक मोठं झाड पाडलं गेलं, तळावरच्या लोकांसाठी ते वाट दाखवणारं झाड होतं. न्यू साउथ वेल्समध्ये ब्लेनीजवळ, बेलुबुला नदीच्या उगमापाशी, सोन्याच्या खाणीचा गाळ साठवायचा बंधारा होणार होता. ऑगस्ट २०२४ मध्ये तुमच्या आधीच्या मंत्र्यांनी तो भाग वाचवण्याचा आदेश काढला तेव्हा खाणवाल्यांनी लगेच बोट दाखवलं की ऑरेंज शहराच्या स्थानिक मूळनिवासी भूमी परिषदेचा विरोध नव्हता, विरोध तिथल्या विराजुरी लोकांच्या दुसऱ्या गटाचा होता.

असे मतभेद असतातच. आमच्या मराठी मंडळाच्या सात जणांच्या कार्यकारिणीत ढोल किती आणायचे यावर एकमत होत नाही. मूळनिवाशांनीच नेहमी एका सुरात बोलावं ही अपेक्षा म्हणजे त्यांना गप्प बसवण्याचा सभ्य मार्ग आहे. पण कोणत्या ठिकाणाबद्दल कोण बोलणार, हे ठरवण्याची रीत कायद्याने आधीच घालून द्यायला हवी, आणि ती त्यांनीच ठरवलेली हवी. ती नसली की ज्याला परवानगी हवी असते तो आपल्या सोयीचा गट शोधून काढतो आणि मतभेद चिघळतात.

वस्तूंबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तिथे माझ्या जन्मभूमीशी तुम्ही फार चांगले वागलात. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातून चोरलेला चोळकालीन नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतला होता. चोरी उघड झाल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये तुमच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत आणून परत दिला. नंतर आणखीही मूर्ती परत आल्या. आम्ही भारतीयांनी इथे त्या बातम्या एकमेकांना अभिमानाने पाठवल्या.

त्याच्या दहा वर्षं आधी, २००४ मध्ये, मेलबर्नच्या संग्रहालयात झाडाच्या सालीवर कोरलेली दोन चित्रं आणि एमू पक्ष्याची एक आकृती प्रदर्शनाला आली होती. व्हिक्टोरियातल्या बूर्टजवळच्या एका मेंढपाळ जमीनदाराने १८५० च्या दशकात ती गोळा केली होती आणि पुढे ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियम आणि क्यू बागेच्या संग्रहात गेली होती. दीडशे वर्षांनी ती आपल्या मातीत उतरली, तेव्हा ती ज्यांची, त्या जा जा वुरंग लोकांनी १९८४ च्याच कायद्यातल्या, तेव्हा व्हिक्टोरियाला लागू असलेल्या भागाचा आधार घेऊन ती परत जाऊ नयेत म्हणून मनाई मिळवली. एक मनाई संपली की दुसरी. २००५ मध्ये फेडरल न्यायालयाने संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला आणि साली लंडनला गेल्या. कायद्याचा तो भाग पुढे रद्द झाला. २०१३ मध्ये संसदेने आणखी एक कायदा केला, परदेशातून उसन्या आलेल्या वस्तूंवर इथे कुणी हक्क सांगून त्या अडवू नयेत म्हणून. संग्रहालयांचं म्हणणं मला कळतं. हमी नसेल तर कुणी उसनं देणार नाही. पण दुसऱ्या देशाच्या सरकारने मागितलेला देव तुम्ही परत केलात आणि स्वतःच्या देशातल्या लोकांनी मागितलेल्या सालीसाठी दार बंद करणारा कायदा केलात. त्यांच्यामागे सरकार नव्हतं, हाच त्यांचा दोष होता.

स्वखुशीने परत आलेल्या वस्तूही आहेत. कॅप्टन कुकच्या माणसांनी १७७० मध्ये कामे, म्हणजे बॉटनी बे इथून उचललेल्या भाल्यांपैकी उरलेले चार केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ला पेरूझच्या मूळनिवासी लोकांना कायमचे दिले. मात्र हे त्या कॉलेजच्या मनाच्या मोठेपणावर झालं. तुमचा कुठलाही कायदा ते मागू शकत नव्हता.

आणि मुरुजुगा. पिलबाराच्या किनाऱ्यावरच्या तांबड्या दगडांवर दहा लाखांहून जास्त कोरीव चित्रं, आणि शेजारीच वायूचे, खतांचे कारखाने. मी राजापूर तालुक्यातली, कातळशिल्पांच्या सड्यावर चालत मोठी झाले. बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा असलेला माणूस कोरलेला आहे, २०२२ मध्ये कोकणातली ही चित्रं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि २०२३ मध्ये त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीची तपासणी सुरू झाली तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. त्यामुळे चित्रं आणि चिमण्या एका चौकटीत बसवणारं सरकार मला अनोळखी नाही. तरी एक मोठा फरक आहे. कोकणातले ते चित्रकार कोण होते हे आम्हाला ठाऊक नाही. मुरुजुगाचे वारस जिवंत आहेत, आणि तिथल्या याबुरारा लोकांची १८६८ च्या फ्लाइंग फोम हत्याकांडात जवळपास सगळी पिढी कापून काढली गेली हेही तिथे सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये मुरुजुगा जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तुमच्या खात्याने शेजारच्या वायू प्रकल्पाला २०७० पर्यंतची अंतिम मंजुरी दिली. अटी घातल्या आहेत, मान्य. पण एकाच खात्याने एका हाताने पॅरिसला नामांकनाची फाइल न्यायची आणि दुसऱ्याने ही सही करायची, यात चित्रांची बाजू मांडणारा हात कोणता? जूकानच्या चौकशी समितीने १९८४ चा कायदा पर्यावरण खात्याकडून काढून मूळनिवासी विभागाच्या मंत्र्याकडे द्यावा असं सुचवलं होतं, ते याचसाठी.

तेव्हा विधेयक आणा. त्यात ठिकाण मोडायला परवानगी देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार ज्यांचं ठिकाण त्यांच्याकडे असू द्या आणि मंत्र्याकडे फक्त अपील ठेवा. काही गोष्टी न सांगताही संरक्षण मिळण्याची सोय करा, ज्यांना त्या ऐकण्याचा अधिकार आहे अशाच माणसांनी ऐकून निर्णय देण्याची. परवानगीनंतर जूकानसारखं काही सापडलं तर काम आपोआप थांबेल आणि परवानगी पुन्हा तपासली जाईल असं कलम घाला. खाणकरारांमध्ये लोकांनी सरकारकडे जाऊ नये अशी कलमं घालण्यावर बंदी आणा. पर्थसारखं होऊ नये म्हणून शेतकऱ्याला आणि घर बांधणाऱ्याला एका फोनवर उत्तर देणारी, पुरेशी माणसं असलेली कार्यालयं आधी उघडा, आणि ज्या मूळनिवासी संस्थांनी आराखडे तपासायचे त्यांना त्याचे पैसे द्या. आमच्या वसाहतींचे आराखडे रखडतात ते बहुतेक वेळा त्या संस्थांकडे माणसं कमी म्हणून, मन नाही म्हणून नव्हे.

हे विधेयक कोणत्या अधिवेशनात मांडणार, ते कळवावं. आणि मसुदा अलायन्सच्या हातात आधी जाणार की खाणवाल्यांच्या, तेही.

कळावे,
वेरिबीकाठची एक मतदार